न्यूक्लीनचा शोधक : फ्रीड्रिख मीशर

वसईच्या पाचूबंदरावर किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर होड्या लागल्या, की मासळीच्या पाट्या भराभर खाली उतरतात आणि कोळणींचे हात चालू लागतात. रावस चिरताना मादीच्या पोटात गाबोळी निघाली, तर तिला गिऱ्हाईक लगेच मिळते. नराच्या पोटात गाबोळी नसते. तेथे दोन लांबट, मऊ, दुधासारखे पांढरे पट्टे असतात. त्यांत नर माशाचे बीज साठलेले असते. गाबोळीचे कौतुक ह्या पट्ट्यांच्या वाट्यास सहसा येत नाही.

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी, येथून हजारो मैल दूर, समुद्राचा वाराही लागत नाही अशा एका नगरात, एक तरुण प्राध्यापक मात्र थंडीच्या दिवसांत ह्याच पांढऱ्या पट्ट्यांची वाट पाहत असे. मासा खाण्यासाठी त्याला नको होता. त्याला हवा असलेला पदार्थ माशाच्या बीजात ठासून भरलेला आहे, हे त्याने ओळखले होते. तो पदार्थ किती आहे आणि तो कितपत शुद्ध आहे, ह्या दोन प्रश्नांनी त्याच्या आयुष्याची उत्तम वर्षे व्यापली. त्या प्राध्यापकाचे नाव फ्रीड्रिख मीशर, आणि त्या पदार्थास आज सारे जग डीएनए म्हणून ओळखते.

मीशर याचा जन्म १३ ऑगस्ट १८४४ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल ह्या नगरात झाला. ऱ्हाईन नदीच्या काठी वसलेले हे नगर विद्येसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध होते. मीशरच्या घरी तर विद्येचाच व्यवसाय होता. वडील वैद्यक शिकवणारे प्राध्यापक होते. मामा विल्हेल्म हिस हे शरीरशास्त्राचे नामांकित पंडित होते. भाचा लाजाळू व अबोल, पण बुद्धीने तीव्र. घरच्या रिवाजास अनुसरून त्यानेही वैद्यकाचा अभ्यास केला. मध्येच विषमज्वराने गाठल्यामुळे काही काळ अभ्यास थांबला. तरीही १८६८ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो डॉक्टर झाला.

परंतु पुढे काय करावे, हा पेच उभा राहिला. मीशरला कानांनी कमी ऐकू येत असे. रोग्याच्या छातीस नळी लावून आतील बारीक आवाज ऐकणे ज्याला कठीण, त्याने दवाखाना कसा चालवावा? त्याने मामांचा सल्ला विचारला. मामांचे मत असे होते, की शरीर ज्या पेशींचे बनलेले आहे त्यांचे रहस्य सूक्ष्मदर्शकातून नुसते पाहून उलगडणार नाही, त्यासाठी रसायनशास्त्रच हाती धरले पाहिजे. भाच्याने तो सल्ला मानला आणि तो जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे गेला. कानांचे हे उणेपण नसते, तर बाझेल नगराला आणखी एक डॉक्टर मिळाला असता, एवढेच.

वसईचा किल्ला जसा खाडीच्या मुखाशी आहे, तसा ट्यूबिंगेनचा किल्ला नेकार नदीच्या काठच्या टेकडीवर आहे. राजेरजवाडे गेल्यानंतर तेथे विद्यापीठाने बस्तान मांडले होते. होप-सायलर नावाचे मोठे रसायनशास्त्रज्ञ तेथे प्रयोगशाळा चालवीत. मीशरला जी खोली मिळाली, ती किल्ल्याचे जुने स्वयंपाकघर होती. जाड भिंती, उंच कमानी, खोल खिडक्या आणि आत सदैव गारवा. पुढे मीशरच्या कामाला सर्वांत उपयोगी पडला तो हा गारवाच.

मीशरला पेशींचा अभ्यास करावयाचा होता. रक्तातील पांढऱ्या पेशी साध्या असतात, म्हणून त्याने त्या निवडल्या. पण त्या पुरेशा आणाव्या कोठून? प्रथम त्याने शरीरातील रसग्रंथींतून त्या मिळविण्याचा यत्न केला. हाती आले ते अगदीच थोडे. तेव्हा त्याची दृष्टी गावातील शस्त्रक्रियेच्या रुग्णालयाकडे वळली. जखमा निर्जंतुक राखण्याची विद्या त्या काळी नुकतीच जन्मास येत होती. बहुतेक जखमा पिकत, त्यांतून पू वाहत असे आणि रोज भिजलेल्या पट्ट्यांचा ढीग फेकून द्यावा लागे. पू म्हणजे तरी काय? रोगजंतूंशी झुंजण्यासाठी जखमेत धावून आलेल्या पांढऱ्या पेशींचाच तो साठा. लोक नाक दाबून ज्या पट्ट्या दूर सारीत, त्या मीशर मागून आणू लागला.

ह्या कामाची किळस त्याला आली नसेल असे नाही. पण त्याने ते मोठ्या काटेकोरपणाने केले. ज्या पट्ट्या कुजू लागल्या असतील त्या तो बाजूस काढी, आणि ताज्या तेवढ्या ठेवी. साध्या मिठाच्या पाण्याने धुतल्यास पेशी फुगून त्यांचा चिकट लगदा होई. बऱ्याच खटपटीनंतर ग्लॉबरच्या क्षाराचे सौम्य द्रावण त्याला मानवले. त्याने धुतलेले पाणी कापडातून गाळावे, कापसाचे तंतू अलग करावे, आणि पेशी तळाशी बसेपर्यंत थांबावे, असा क्रम ठरला.

प्रत्येक पेशीच्या पोटात केंद्रक नावाची एक बारीक गोळी असते. ती सूक्ष्मदर्शकातून पुष्कळांनी पाहिली होती. ती कशाची बनली आहे, हे मात्र कोणास ठाऊक नव्हते. मीशरने पेशी अतिसौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात कित्येक आठवडे हिवाळ्याच्या थंडीत ठेवल्या. त्यामुळे बाहेरचा भाग विरघळला आणि केंद्रके उरली. त्यांना चिकटून राहिलेली प्रथिने काढण्यासाठी त्याने डुकराच्या जठरातून पेप्सिन हा पाचक रस मिळविला. पोटात अन्नातील प्रथिने ज्याने पचतात, त्यानेच ही प्रथिने पचवून टाकली. शेवटी शुद्ध केंद्रके सोड्याच्या सौम्य द्रावणात घालून त्यात त्याने आम्ल टाकले. लगेच पिंजलेल्या कापसासारखा पांढरा साका खाली आला. पुन्हा सोडा घातला की तो विरघळे, आम्ल टाकले की पुन्हा दिसे.

१८६९ सालच्या आरंभीची ही गोष्ट. पेप्सिनने न पचणारा हा पदार्थ प्रथिन नव्हे, हे उघड होते. त्याने तो जाळून त्याचे घटक तपासले, तेव्हा त्यात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, विलक्षण प्रमाणात आढळला. शरीरातील ज्ञात पदार्थांपैकी कोणाशीही त्याचा मेळ बसेना. केंद्रकाला इंग्रजीत व जर्मनमध्ये न्यूक्लिअस म्हणतात, म्हणून मीशरने ह्या नव्या पदार्थास न्यूक्लीन असे नाव दिले.

शोध लागला, पण तो जगापुढे येण्यास दोन वर्षे लागली. गुरू होप-सायलर यांना ही गोष्ट इतकी नवलाची वाटली, की शिष्याच्या शब्दावर ती छापण्यास ते तयार होईनात. पदार्थ अशुद्ध असेल, कोठूनतरी स्फुरद त्यात मिसळला असेल, अशी शंका त्यांना आली. त्यांनी सारे प्रयोग स्वतःच्या हातांनी पुन्हा केले. मध्येच जर्मनी व फ्रान्स यांचे युद्ध पेटले. अखेर १८७१ साली मीशरचा निबंध प्रसिद्ध झाला, त्याला होप-सायलर यांच्या स्वतःच्या प्रयोगांची जोड होती. शिष्याला हा विलंब जाचला असणार. पण गुरूंनी जे केले ते योग्यच होते. नवीन पदार्थ सापडला असे म्हणणाऱ्याने तो शुद्ध असल्याची खात्री पटविली पाहिजे, हा विज्ञानातील जुना दंडक आहे.

१८७२ साली मीशर बाझेलला शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक झाला. पद मोठे होते, पण प्रयोगशाळा म्हणावी अशी जागा नव्हती; प्रसंगी बोळातही काम करावे लागे. पट्ट्यांचा पुरवठाही मागे राहिला. मात्र बाझेलजवळ दुसरी संपत्ती होती. समुद्रातील सॅमन मासा अंडी घालण्यासाठी ऱ्हाईन नदीतून वर चढून येई. शरद ऋतूत व हिवाळ्याच्या तोंडी नगराजवळ कोळी तो पकडीत. वर येताना हा मासा अन्नास शिवत नाही. त्याच्या अंगचे मांस झिजते आणि पोटातील बीज वाढत जाते. ह्या बीजपेशीचे डोके म्हणजे जवळजवळ निव्वळ केंद्रकच. पुवातून चिमटीभर मिळविण्यासाठी जो आटापिटा करावा लागला, तो पदार्थ येथे पट्ट्यांनी उपलब्ध होता. (हा ऱ्हाईनचा सॅमन पुढे विसाव्या शतकात बंधारे व दूषित पाणी यांमुळे नाहीसा झाला. तो परत आणण्याचे यत्न नंतर सुरू झाले.)

पण न्यूक्लीन हा पदार्थ मोठा नाजूक. थोडी ऊब लागली की तो बिघडे. म्हणून मीशर पहाटे पाच वाजता प्रयोगशाळेत येई आणि विस्तव नसलेल्या खोलीत कामास बसे. कोणतेही द्रावण त्याने पाच मिनिटांहून अधिक राहू दिले नाही. कोणताही साका तासाच्या आत शुद्ध अल्कोहोलखाली गेला पाहिजे, असा त्याचा नियम. युरोपातील हिवाळ्यात हे हाल पहाटेपासून कित्येकदा रात्रीपर्यंत चालत. आपल्याकडे माघाच्या थंडीत नळाच्या पाण्यात हात घातला तरी बोटे आखडतात. मग तेथे काय होत असेल, त्याची कल्पना करावी. स्वतःच्या विवाहाच्या दिवशीही त्याला प्रयोगशाळेतून बोलावून आणावे लागले, असे सांगतात.

एवढे कष्ट कशासाठी? न्यूक्लीन शुद्ध आहे की नाही, हे ओळखण्याचे त्याच्यापाशी एकच साधन होते. प्रत्येक खेपेस जो पदार्थ मिळेल त्यातील स्फुरदाचे वजन करावयाचे. ते दर वेळी सारखेच भरले, तर पदार्थ शुद्ध. कमीजास्त भरले, तर काहीतरी भेसळ राहिली, आणि सारे काम पहिल्यापासून पुन्हा. अशा रीतीने त्याने १८७४ साली काढलेले प्रमाण असे : न्यूक्लीनच्या १०० भागांत स्फुरदाचे ऑक्साइड २२.५ भाग. आजच्या हिशेबाने ते २२.९ भरते. ज्याच्याजवळ तराजू, काचेची भांडी आणि थंडी यांखेरीज फारसे काही नव्हते, त्याच्या हातून झालेली ही मोजणी आहे. सॅमनच्या न्यूक्लीनमध्ये गंधक मुळीच नाही, हेही त्याने दाखविले. प्रथिनांत बहुधा गंधक असतो. तेव्हा प्रथिनांची भेसळ नसल्याचा तो दुसरा पुरावा झाला.

आई-बापांचे गुण मुलांत कसे उतरतात, हा प्रश्नही त्याच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. माशाच्या बीजात न्यूक्लीनच एवढे का, असे त्याने स्वतःला विचारले. उत्तराच्या तो अगदी दाराशी आला होता. पण प्राण्यांची एवढी विविधता एकाच पदार्थाने साधावी, हे त्याला संभवनीय वाटेना आणि तो तेथून परतला. पुढे १८९२ साली मामांना लिहिलेल्या पत्रात त्याने एक सुंदर दृष्टान्त दिला. पंचवीस-तीस अक्षरांनी जसे साऱ्या भाषांतील शब्द लिहिता येतात, तसे रेणूंच्या थोड्याशा फरकांनी वंशाचे सारे गुण लिहिले जात असतील, असा त्याचा आशय होता. दृष्टान्त बरोबर होता. मात्र ती अक्षरे तो प्रथिनांत शोधीत होता. ती त्याच्याच न्यूक्लीनमध्ये होती.

पुढील वर्षांत कामांचा भार वाढत गेला. तुरुंगातील बंद्यांना कोणते अन्न द्यावे, मजुरांचे जेवण कसे असावे, अशा प्रश्नांवर सरकार त्याचा सल्ला मागू लागले. रक्तातील कार्बन डायऑक्साइडमुळे श्वासाची गती ठरते, हेही त्याने सिद्ध केले. १८८५ साली बाझेल येथे शरीरशास्त्र व शरीरक्रियाशास्त्र यांसाठी नवी संस्था उभी राहिली, तिची धुरा त्याच्याकडे आली. विश्रांती मात्र त्याने कधी घेतली नाही. अखेर क्षयाने त्याला गाठले. डाव्होस येथील आरोग्यधामात तो राहिला, पण गुण आला नाही. २६ ऑगस्ट १८९५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्याचा अंत झाला. भाच्याचे विखुरलेले लेख वृद्ध मामांनी गोळा केले आणि ते १८९७ साली प्रसिद्ध झाले.

न्यूक्लीनला १८८९ साली आल्टमान याने न्यूक्लिक आम्ल असे नाव दिले. कोसेल याने त्याचे घटक शोधले व त्याला १९१० साली नोबेल पारितोषिक मिळाले. वंशाचे गुण ह्याच पदार्थातून उतरतात, हे १९४४ साली अमेरिकेत एव्हरी आणि त्याचे सहकारी यांनी दाखविले. १९५३ साली रोझलिंड फ्रँकलिन हिच्या क्ष-किरण चित्रांच्या साहाय्याने वॉटसन व क्रिक यांनी त्याची पिळाच्या जिन्यासारखी रचना उलगडली.

तरीही मीशरचा प्रश्न प्रत्येक प्रयोगशाळेत रोज नव्याने उभा राहतो. रोग्याचा रोग ओळखावयाचा असो, की बाजारातील मासा कोणत्या जातीचा हे ठरवावयाचे असो. डीएनए वाचण्यापूर्वी हातातील थेंबात तो किती आहे, हे कळलेच पाहिजे. कमी असेल तर काम अडते, जास्त असेल तर बिघडते. आणि वस्तू किती सूक्ष्म! एका ग्रॅमाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यांतील सहा-सात भाग एवढाच डीएनए मनुष्याच्या एका पेशीत असतो. तो तराजूत कसा तोलणार?

त्याचे उत्तर प्रकाशाने दिले, आणि त्याचा उगम मीशरच्या बालपणातच झाला होता. १८५२ साली केंब्रिजच्या स्टोक्स याने हिवतापावरच्या कोयनेलचे द्रावण घेतले. ते पाण्यासारखे निर्मळ दिसे. पण सूर्याचे जंबुपार किरण, जे डोळ्यांस दिसत नाहीत, त्यावर पडताच ते निळसर प्रकाशू लागे. एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकण्याच्या ह्या गुणास प्रतिदीप्ती म्हणतात. पुढे असे काही रंग सापडले, की जे पाण्यात एकटे असताना मंद असतात, पण डीएनएच्या जिन्याच्या पायऱ्यांमध्ये शिरून बसले की झळकू लागतात. गुरांच्या रोगावर औषध म्हणून वापरलेला एथिडियम हा त्यांतलाच एक. १९६६ साली फ्रान्समध्ये ले पेक व पाओलेत्ती यांनी त्याच्या झळाळीवरून न्यूक्लिक आम्ल मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. डीएनएला बिलगताच ह्या रंगाचे तेज सुमारे वीसपट होते. नंतर निघालेल्या काही रंगांचे तेज हजारपटीहूनही अधिक वाढते.

मोजण्याची रीत सोपी आहे. ज्यांतील डीएनएचे वजन आधीच ठाऊक आहे, अशी चार-पाच द्रावणे घ्यावयाची. प्रत्येकात सारखाच रंग मिसळून, नळ्या काही मिनिटे अंधारात ठेवावयाच्या. कारण उजेडाने रंग फिका पडतो. मग यंत्रातून ठरावीक रंगाचा प्रकाश सोडून, प्रत्येक नळीतून किती तेज बाहेर पडते ते टिपावयाचे. आलेखाच्या कागदावर वजन आडवे, तेज उभे मांडले, की बिंदू एका सरळ रेषेत येतात. आता अज्ञात द्रावणाचे तेज मोजून, त्या रेषेवरून त्यातील डीएनएचे वजन वाचता येते. जंबुपार किरण किती शोषले जातात, एवढेच पाहून मोजण्याची दुसरी रीतही आहे. पण प्रथिने व इतर न्यूक्लिक आम्लेही ते किरण शोषतात आणि त्यामुळे आकडा फुगतो. नव्या रंगांपैकी काही डीएनएच्या दुहेरी पिळालाच बिलगतात, बाकीच्या भेसळीकडे फारसे लक्ष देत नाहीत. जी भेसळ दूर करण्यासाठी मीशर थंडीत कुडकुडत बसे, तिच्यामधूनही असा रंग आपले माणूस ओळखून काढतो. पाचूबंदरावर चिरलेल्या एखाद्या रावसाचा, तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडाही त्याला पुरे होतो.

ट्यूबिंगेनच्या किल्ल्यातील ते जुने स्वयंपाकघर अजून आहे. तेथे आता संग्रहालय आहे. विद्यापीठाने जपून ठेवलेल्या वस्तूंत एक काचेची नळी आहे. तिच्यावरील चिठ्ठीत सॅमनच्या बीजातील न्यूक्लीन असा उल्लेख असून शेजारी मीशरचे नाव आहे. नळीच्या तळाशी त्याने स्वतः काढलेली थोडीशी भुकटी अद्याप शिल्लक आहे.